नव्या सांथीचें भय

दुधाची पिशवी साबणानें धुवावी कीं नुसत्या पाण्यानें, आणि धुतल्यावर ती ज्या फडक्यानें पुसली त्या फडक्याचें काय करावें? सन २०२० च्या मार्च महिन्यांत हा प्रश्न महाराष्ट्रांतील शिकल्या-सवरलेल्या घरांतून मोठ्या गांभीर्यानें चर्चिला जात होता, हें श्रोत्यांच्या स्मरणांत असेल. ९ मार्चला पुण्यास करोनाचे राज्यांतील पहिले रुग्ण आढळले. त्याच आठवड्यांत, प्लेगच्या काळीं झालेला १८९७ चा सांथरोगांचा कायदा पुन्हा बाहेर काढण्यांत आला. दहावीच्या मुलांचा भूगोलाचा एकच पेपर उरला होता, तो आधीं लांबला आणि मग रद्दच झाला. २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. आणि एप्रिलमध्यें नगर जिल्ह्यांतील जे भाग कडेकोट बंद करण्यांत आले त्यांत जामखेड हें तालुक्याचें गांवही होतें.

बंद दाराआड बसलेल्या माणसाला चिंता करण्यास वेळ पुष्कळ असतो. भाजी लगेच आंत घ्यावी कीं उंबऱ्याबाहेर चार तास ठेवावी, वाण्यानें परत दिलेली नोट उन्हांत वाळवावी कीं तिजवर इस्त्री फिरवावी, शिंक आली ती धुळीची कीं रोगाची, असे प्रश्न घरोघर होते. वर्तमानपत्राचाही संशय आला. १८ एप्रिलला राज्यशासनानें तें घरोघर टाकण्यास मनाई केली, ती पुढें उठली.

या भयाला कांहींच आधार नव्हता असें नाहीं. मार्चमध्येंच अमेरिकन शास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यांत हा विषाणु प्लॅस्टिकवर तीन दिवसांपर्यंत व पुठ्ठ्यावर एक दिवसापर्यंत सांपडला. परंतु हवेंतील सूक्ष्म तुषारांतही तो तीन तास टिकल्याचें त्याच प्रयोगांत दिसलें होतें. लोकांनीं पहिली गोष्ट तोंडपाठ केली आणि दुसरी सोडून दिली. पिशवी धरतां येते, धुतां येते; हवा धुतां येत नाहीं. जी चिंता हातानें दूर करतां येते तीच माणूस आधीं पत्करतो, असें त्याचें कारण असावें.

शिवाय प्रयोगांत त्या प्लॅस्टिकवर मुद्दाम भरपूर विषाणु सोडलेले असतात, आणि शेवटीं त्यांतले अगदीं थोडे उरतात. पिशवीवरून बोटाला व बोटावरून नाकाला, एवढा प्रवास करून रोग लावण्याइतके ते शिल्लक राहणें कठीण. अशा एका स्पर्शानें रोग होण्याचा संभव दहा हजारांत एकाहूनही कमी, असा अंदाज २०२१ मध्यें अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें दिला. हात धुण्याचा उपदेश खोटा नव्हे. या विषाणूभोंवतीं स्निग्ध पदार्थाचें वेष्टण असतें. खरकट्या ताटाचें तूप साबणानें सुटतें तसें तें सुटतें आणि विषाणु निकामी होतो. पण टोमॅटो साबणानें धुणें ही अतिशयोक्ति; त्यांत रोगापेक्षां साबण पोटांत जाण्याचें भय अधिक.

या रोगाचा खरा प्रवास श्वासावाटे होतो. अंगणांत लावलेल्या उदबत्तीचा धूर हातभर अंतरावर विरतो. खिडक्या लावलेल्या देवघरांत ती विझल्यावरही तो कोंदून राहतो. रुग्णाच्या बोलण्या-खोकण्यांतून निघणारे तुषार असेच. म्हणून ज्या कुटुंबानें दूध धुतलें आणि सगळीं दारें-खिडक्या लावून दहा नातलगांसह एका खोलींत बैठक मारली, त्यानें दक्षता उलट्या टोकाकडून घेतली. मुखपट्टीचा उपदेश तर मध्येंच बदलला. ती रुग्णानें व त्याची शुश्रूषा करणाऱ्यानें लावावी, असें जागतिक आरोग्य संघटना आरंभीं सांगत होती. ५ जून २०२० ला तिनें गर्दीच्या ठिकाणीं ती सर्वांनींच लावावी असें सुचविलें. फळ्यावरचें उत्तर पुसून नवें लिहिण्यांत कमीपणा नाहीं. पण तें कां पुसलें हें वर्गाला सांगावें लागतें, आणि नेमकें तेंच राहून गेलें.

वस्तूंच्या भयानें साबण तेवढा खर्च झाला. माणसांच्या भयानें नुकसान अधिक केलें. मुंबई-पुण्याहून परतणाऱ्यांच्या वाटेवर कित्येक गांवांनीं काटेरी फांद्या व दगड टाकले. ऊसतोडीला गेलेले मजूर कारखान्यांच्या आसपासच अडकून पडले. जामखेडला लागून असलेले आष्टी व पाटोदा हे तालुके या मजुरांचेच. त्यांना घरीं परतण्यास शासनाची परवानगी एप्रिलमध्यें मिळाली. परतलेल्यांना गांवोगांव शाळेंत १४ दिवस ठेवीत. त्या आंकड्याला अर्थ होता : लक्षणें बहुधा पांचव्या दिवसाच्या सुमारास दिसतात, आणि चौदा दिवस उलटल्यावर क्वचितच. पण ज्याला पंधराव्या दिवशींही कोणी दारांत उभें करीत नाहीं, त्याच्या बाबतींत ती दक्षता राहत नाहीं, तो बहिष्कार होतो.

हा फरक जामखेडला पूर्वींच कळलेला होता. १९७० मध्यें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं तेथें ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला आणि खेड्यांतल्याच, पुष्कळशा निरक्षर, बायांना आरोग्यसेविकेचें काम शिकविलें. त्या काळीं कुष्ठरोग्याला गांवाबाहेर काढावयाची चाल होती. या बायांनीं अंगावरचा डाग ओळखावयास शिकून घेतलें, रुग्णाला त्याच्या घरींच औषध चालू ठेवलें, आणि औषध सुरू झाल्यावर तो दुसऱ्यास बाधत नाहीं हें वस्तीला समजावून दिलें. नुसत्या समजावण्यानें तें पटलें असतें कीं नाहीं याची शंकाच आहे. पण रोजच्या ओळखीची बाई त्या घरांत जाऊन बसते, हें शेजारणी डोळ्यांनीं पाहत होत्या.