वोर्म्स येथील दोन शिळा

जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी वोर्म्स हे प्राचीन नगर आहे. १५२१ साली मार्टिन ल्यूथरला सम्राटापुढे जाब द्यावा लागला तो येथेच. परंतु त्याच्याही सुमारे पाच शतके आधी या नगरात यहुदी लोक नांदत होते. १०३४ साली त्यांनी आपले प्रार्थनामंदिर उभारले. १०७४ साली राजा चौथा हेन्री याने नगरवासीयांना जकातीची सूट दिली, तेव्हा सनदेत यहुद्यांचा उल्लेख अन्य नागरिकांच्या जोडीने झाला. बायबल व तालमूद यांचा थोर भाष्यकार राशी तरुणपणी फ्रान्समधून येथे अध्ययनासाठी आला होता. (आपल्या मेष-वृषभादी राशींशी या नावाचा काही संबंध नाही, ‘रब्बी श्लोमो यित्झ्हाकी’ याची ती आद्याक्षरे होत.)

राजाची सनद मात्र ढाल ठरली नाही. १०९६ साली धर्मयुद्धाला निघालेल्या जमावाने येथे सुमारे आठशे यहुद्यांचा बळी घेतला. बिशपच्या वाड्यात आश्रयाला गेलेलेही वाचले नाहीत. वाचलेल्यांनी पुन्हा घरे बांधली. १३४९ साली प्लेगचा आळ त्यांच्यावर आला आणि तोच प्रकार पुन्हा घडला. काही वर्षांनी ते पुन्हा परतले.

नगराच्या जुन्या दफनभूमीत अकराव्या शतकापासूनच्या शिळा उभ्या आहेत. त्यांतील दोन अगदी शेजारी शेजारी आहेत. रोथेनबुर्गचे रब्बी मेईर हे आपल्या काळचे सर्वश्रेष्ठ धर्मपंडित. देश सोडून जात असता १२८६ साली ते पकडले गेले व राजा रुडॉल्फच्या कैदेत पडले. खंडणी देऊन सुटल्यास पुढे प्रत्येक पंडिताला असेच धरतील, म्हणून त्यांनी सुटका नाकारली, अशी परंपरा सांगते. १२९३ साली ते कैदेतच वारले. त्यांचा देहसुद्धा चौदा वर्षे अडकवून ठेवण्यात आला. अखेर १३०७ साली अलेक्झांडर विम्पफेन या धनिकाने द्रव्य मोजून तो सोडविला. मोबदल्यात त्याने एवढेच मागितले, की आपल्याला त्यांच्या शेजारी पुरावे. तसेच झाले.

१९३८ च्या नोव्हेंबरात नाझींनी प्रार्थनामंदिर जाळले व पुढे त्याच्या भिंतीही पाडल्या. १९४२ साली नगरात उरलेल्या यहुद्यांना मृत्यूच्या छावण्यांकडे नेण्यात आले. १२७२ सालचे एक हस्तलिखित प्रार्थनापुस्तक नगराचे अभिलेखपाल इलर्ट यांनी कॅथीड्रलमध्ये लपवून वाचविले. यिद्दिश भाषेतील ज्ञात असलेले सर्वांत जुने वाक्य त्यातच आहे. ते १९५७ मध्ये जेरुसलेमला गेले. मंदिर जुन्या दगडांसह पुन्हा बांधून १९६१ मध्ये उघडण्यात आले, पण तोवर त्यात प्रार्थना करणारी पिढी उरली नव्हती. दफनभूमीला मात्र नाझींनी फारसा हात लावला नाही. त्या दोन शिळांवर आजही दूरदेशीचे यात्रेकरू लहान खडे ठेवून जातात.