चंद्र एकच, चंद्रोदय वेगळा

20 ऑक्टोबर 2024 ला करवा चौथ होती. जबलपूर–कटनी रेल्वेमार्गावरच्या सिहोऱ्यासारख्या गावात अशा रात्री बायका चाळणी घेऊन गच्चीवर जातात. एखादं मराठी घर शेजारी असेल, तर तिथे त्याच रात्री मोदक झाकून ठेवलेले असतात, कारण आश्विनातली संकष्टी आणि करवा चौथ एकाच तिथीला येतात. तरी शेजारीण म्हणते कार्तिक आणि मराठी सासूबाई म्हणतात आश्विन. मग ‘त्यांचं पंचांग वेगळं, त्यांची तिथीही वेगळी’ असा निष्कर्ष निघतो.

तिथी वेगळी नसते, वेगळं असतं ते महिन्याचं नाव, तेही फक्त वद्य पक्षात. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे तिकडे वद्य पक्ष आधी येतो आणि त्याला पुढच्या महिन्याचं नाव मिळतं. शुद्ध पक्षात दोघांचा महिना पुन्हा एक होतो. जबलपूर आणि नागपूर 1956 पर्यंत एकाच प्रांतात होते; तिथल्या जुन्या मराठी घरांना ही दोन नावं सवयीची आहेत.

खरी गफलत भिंतीवर टांगलेली असते. मुंबईहून आणलेल्या दिनदर्शिकेत संकष्टीचा चंद्रोदय पाहायचा आणि सिहोऱ्यात तेवढ्या वाजेपर्यंत उपाशी बसायचं! सिहोरा मुंबईच्या सव्वासात अंश पूर्वेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे चंद्र सिहोऱ्यात सरासरी अर्धा तास आधी उगवतो. हा अर्धा तासही पक्का नाही. चंद्र आकाशात बराच उत्तरेकडे असेल तर फरक चाळीस मिनिटांपर्यंत जातो, दक्षिणेकडे असेल तर वीसवर येतो, कारण सिहोरा मुंबईहून साडेचार अंश उत्तरेलाही आहे. करवा चौथीचा चंद्र उत्तरेकडचाच. मुंबईची वेळ पाळणाऱ्या सूनबाईच्या ताटावर तेव्हा चांगलाच अन्याय होतो. छापील कोष्टकात नागपूर असेल तर ते बघावं. तो फरक थोड्या मिनिटांचाच असतो.

इथे एक गोष्ट नीट वेगळी करायला हवी. तिथी लागते आणि संपते ती वेळ मुंबईला, सिहोऱ्याला, गुवाहाटीला एकच, कारण तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं बारा अंशांचं अंतर. ते तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरत नाही. चंद्रोदय मात्र सर्वस्वी गावाचा. संकष्टी दोन्ही जोडून ठरते: चंद्र उगवताना चतुर्थी असली पाहिजे. म्हणून सकाळी पंचांगात तृतीया असते आणि उपास त्याच दिवशी असतो. त्यात छापणाऱ्याची चूक नाही.

तिथी म्हणजे चोवीस तास, हाही असाच एक समज. चंद्र पृथ्वीजवळ असताना भरभर चालतो, दूर असताना रेंगाळतो. त्यामुळे तिथी वीस तासांतही आटोपते आणि सव्वीस तासही ताणते. क्षय आणि वृद्धी या त्यातूनच निघतात.

‘चंद्र रोज पन्नास मिनिटं उशिरा उगवतो’ हे शाळेतलं वाक्य सरासरी म्हणून बरोबर आहे. शरदातल्या पौर्णिमेनंतर मात्र सिहोऱ्याच्या अक्षांशावर हा उशीर चाळीस मिनिटांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असतो, आणि फाल्गुन-चैत्रात तो तासाच्या जवळ जातो. कोजागरीनंतरही दोन-तीन संध्याकाळी चंद्र फारसा वाट पाहायला लावत नाही, तो यामुळे.

बीजेची कोर दिसली की लोक म्हणतात, चंद्र उगवला. ती मावळत असते! शुद्ध द्वितीयेचा चंद्र सकाळी सूर्यामागोमाग उगवलेला असतो, दिवसभर उजेडात हरवतो आणि संध्याकाळी पश्चिमेला जाता जाता तेवढा दिसतो. गणेश चतुर्थीला ज्याच्याकडे बघायचं नाही तो चंद्रही सकाळपासून आकाशात असतो आणि रात्री लवकर मावळतो. शुद्ध अष्टमीचा साधारण दुपारी बाराला उगवतो, वद्य अष्टमीचा मध्यरात्री. चंद्र रात्रीचाच, हे वद्य सप्तमी-अष्टमीच्या सकाळी नऊ वाजता पश्चिमेकडे मान वळवली तरी खोटं ठरतं. आणि उदय रोज पुढे सरकत असल्यामुळे वद्य अष्टमीच्या आसपास एक तारीख अशी येते की त्या तारखेला चंद्रोदयच नसतो. आदल्या दिवशी रात्री बाराच्या आधी उगवलेला चंद्र पुढच्या वेळी थेट बारानंतरच येतो. पंचांगातली ती जागा रिकामी दिसली की पान खराब छापलंय असं वाटतं.

कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, हा समज अजून जिवंत आहे. सावली पडते ती ग्रहणात. एरवी अर्धा चंद्र कायम उजळलेला असतो. त्यातला किती भाग आपल्याकडे वळलेला आहे, एवढाच प्रश्न.

आता गच्चीवरची तक्रार: वेळ झाली, चंद्र कुठाय? पंचांगातला उदय सपाट, मोकळ्या क्षितिजासाठी असतो. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते. पूर्वेला तेवढ्या उंचीचं घर किंवा चिंच असेल, तर चंद्र वर यायला आणखी पाऊण तास लागतो. तो उगवलेला असतो, फक्त तुमच्या गल्लीत पोहोचलेला नसतो.

सिहोऱ्याच्या चंद्राची एक खासियत मुंबईकराला सहसा ठाऊक नसते. कर्कवृत्त या गावाला लागूनच जातं. 21 जूनच्या सुमारास सूर्य इथे माथ्यावर येतो आणि तिथूनच परततो, माथ्याच्या उत्तरेला जात नाही. चंद्राची कक्षा मात्र पाच अंश कललेली आहे आणि तो कल 18.6 वर्षांच्या फेऱ्यात फिरतो. 2024-25 च्या सुमारास चंद्र उत्तरेला साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत जात होता. 4 डिसेंबर 2025 च्या दत्तजयंतीला, मध्यरात्रीच्या सुमारास, तो सिहोऱ्याच्या माथ्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला होता. त्या वेळी अंगणात उभ्या काठीची सावली, वीतभरही नव्हती ती, दक्षिणेकडे पडली असती.