वारा कोणत्या गावाकडे?

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत अणुवीज केंद्र नाही. अणूशी या मुलखाचा थेट संबंध आला तो गोगीमुळे. भीमा खोऱ्यातल्या खडकात, शहापूर तालुक्यातल्या या गावाजवळ युरेनियम सापडलं, तेव्हा तो तालुका गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी, जिल्ह्यात होता. आता यादगीरमध्ये आहे. कर्नाटकातलं एकमेव अणुवीज केंद्र कैगाला, कारवार तालुक्यात, काळी नदीच्या काठी. कलबुर्गीहून सरळ रेषेत मोजलं तरी साडेतीनशे किलोमीटरच्या वर.

मग भालकीच्या किंवा आळंदच्या माणसाने कैगाच्या आपत्कालीन सरावाबद्दल वाचायचं कशाला? कारण हा सराव जितका शास्त्रज्ञांचा वाटतो तितका तो नसतो. केंद्राच्या कुंपणाबाहेर त्याचे प्रमुख असतात जिल्हाधिकारी, म्हणजे आपल्याकडे ज्यांना सगळे डीसी साहेब म्हणतात ते. त्यांच्या हाताखाली तहसीलदार, पोलीस, आरोग्य खातं, पशुसंवर्धन खातं, बस डेपो, ग्रामपंचायतीचे पीडीओ. बीदरलाही हीच माणसं, हेच हुद्दे, याच फायली.

कैगाला प्रत्येकी २२० मेगावॅटचे चार रिॲक्टर आहेत. पहिले दोन २००० साली सुरू झाले, तिसरा २००७ मध्ये, चौथा २०११ मध्ये. नैसर्गिक युरेनियम इंधन, जड पाणी, आणि रिॲक्टरभोवती काँक्रीटचं दुहेरी कवच. यातला पहिला रिॲक्टर १३ मे २०१६ पासून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस चालला आणि ब्रिटनच्या हेशम केंद्राचा ९४० दिवसांचा विक्रम त्याने मोडला. याच रिॲक्टरच्या आतल्या कवचाचा घुमट १३ मे १९९४ रोजी, बांधकाम चालू असताना ढासळला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. प्रकल्पाचा प्रचार करणारे पहिलीच सांगतात, विरोध करणारे दुसरीच. सरावाची आखणी करणाऱ्याला दोन्ही ध्यानात ठेवाव्या लागतात.

आणीबाणीच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत. गडबड एखाद्या युनिटपुरती असेल तर प्लांट इमर्जन्सी, केंद्राच्या सगळ्या आवारापर्यंत पोचली तर साइट इमर्जन्सी, आणि कुंपण ओलांडून गावांकडे जाण्याची शक्यता दिसली तर ऑफसाइट इमर्जन्सी. पहिल्या प्रकारचा सराव दर तिमाहीला, दुसऱ्याचा वर्षातून एकदा, तिसऱ्याचा दोन वर्षांतून एकदा. अणुऊर्जा नियामक मंडळाचा हा दंडक देशातल्या सगळ्या केंद्रांना लागू आहे. पहिली पायरी प्रत्यक्षात आलेली आहे: ११ मार्च २०१६ रोजी गुजरातेत काकरापारच्या पहिल्या युनिटमध्ये गळती झाली आणि प्लांट इमर्जन्सी जाहीर करावी लागली. तिसरी जाहीर करण्याची वेळ भारतात आजवर आलेली नाही. म्हणूनच तिचा सराव सगळ्यांत अवघड. ज्यांनी ती कधी पाहिली नाही त्यांनीच ती रचायची आणि त्यांनीच पार पाडायची.

रचनेची सुरुवात पटकथेपासून होते. केंद्रातले मोजके अनुभवी अभियंते आणि हेल्थ फिजिक्सची, म्हणजे किरणोत्सर्गावर लक्ष ठेवणारी, मंडळी एक कल्पित अपघात लिहितात. या प्रकारच्या रिॲक्टरमध्ये इंधनाच्या ३०६ आडव्या नळ्या असतात. समजा, त्यांना थंड ठेवणाऱ्या जड पाण्याचा मोठा पाइप फुटला आणि त्याच वेळी बाहेरची वीज गेली. मग मिनिटामिनिटाचा हिशेब: कधी भोंगा, कधी कवचातला किरणोत्सर्ग वाढला, कधी डीसी साहेबांना निरोप. पटकथा गुप्त ठेवायची. ज्यांची परीक्षा आहे त्यांना दिवस कळला तरी प्रसंग कळता कामा नये. सरावाच्या दिवशी दंडाला पट्टी बांधलेले निरीक्षक जागोजागी उभे असतात आणि ठरल्या वेळी चिठ्ठी पुढे करतात: अमुक पंप बंद पडला, तमुक माणूस हजेरीत सापडत नाही. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला आणि शेवटी एक वाक्य सक्तीचं: हा सराव आहे. ते एकदा गाळलं की व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे काय होईल ते सांगायला नको.

भोंगा झाला की केंद्रातली माणसं ठरलेल्या जागी जमतात आणि डोकी मोजली जातात. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या दिवशी आत किती कंत्राटी कामगार आले, कोण जेवायला कँटीनला गेलं, कोणाचा पास दुसऱ्याच गेटवर नोंदला गेला, हे सगळं जुळवून आकडा मिळेपर्यंत कोणी आत अडकलंय की नाही ते सांगता येत नाही. मोजणीला लागलेली मिनिटं अहवालात लिहिली जातात, आणि मला विचाराल तर साऱ्या अहवालातला तोच आकडा सर्वांत बोलका.

कुंपणाबाहेर खेळ वाऱ्याचा. केंद्राभोवती सोळा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलेलं असतं, त्याचे साडेबावीस अंशांचे सोळा तुकडे. सगळं वर्तुळ सुमारे ८०० चौरस किलोमीटरचं, एक तुकडा पन्नासचा. सगळीकडे धावाधाव करायची नसते. वारा ज्या तुकड्याकडे वाहतो तो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे, एवढ्यांचा विचार आधी करायचा. दीडशे चौरस किलोमीटर झाडून काढणं आणि आठशे झाडून काढणं यात प्रशासनाचा जीव राहतो की जातो एवढा फरक आहे. पण कैगा सह्याद्रीतल्या दरीत आहे. दरीतला वारा दिवसा चढाकडे वाहतो आणि रात्री उताराकडे फिरतो. सकाळी दहाला बरोबर असलेला नकाशा रात्री दहाला चुकीचा ठरू शकतो.

याची किंमत जपानने मोजली. फुकुशिमाच्या अणुअपघाताच्या वेळी, मार्च २०११ मध्ये, नामिए गावच्या लोकांनी त्सुशिमा या आतल्या डोंगरी भागात आसरा घेतला. किरणोत्सर्गी ढग नेमका त्याच वायव्य दिशेला गेला. ढग कुठे जाईल याचा अंदाज बांधणारी सरकारी संगणकप्रणाली हजर होती, पण तिचं उत्तर त्या लोकांपर्यंत पोचलं नाही. केंद्रापासून पाचेक किलोमीटरवर खास आणीबाणीसाठी उभारलेली नियंत्रण कचेरी होती. वीज गेली, हवा गाळण्याची सोय नव्हती, ती सोडावी लागली. फुताबा इस्पितळातले वृद्ध रुग्ण घाईने बसमध्ये घालून तासन्‌तास फिरवले गेले, आणि त्या स्थलांतरात व त्यानंतर चाळीसच्या आसपास रुग्ण दगावले. फुकुशिमा प्रांतात स्थलांतराच्या हालअपेष्टांशी जोडलेले मृत्यू दोन हजारांहून अधिक मोजले गेले. ‘गाव हलवा’ हा हुकूम दर वेळी सुरक्षित असतो असं ज्याला वाटतं त्याने हे आकडे पाहावेत. घरात थांबा, दारं-खिडक्या लावा, विहिरीवर झाकण घाला, हा हुकूम पुष्कळदा अधिक शहाणा असतो, आणि लोकांना पटवायला अधिक कठीण.

आयोडीनच्या गोळ्यांचंही तसंच. किरणोत्सर्गी आयोडीन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. आधीच साधं आयोडीन भरून ठेवलं तर त्याला जागा उरत नाही. एवढंच या गोळीचं काम. सीझियमसारख्या इतर किरणोत्सर्गी पदार्थांपुढे ती काही करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅम आयोडीन, ३ ते १२ वर्षांच्या मुलाला निम्मं, त्याहून लहानाला पाव आणि महिन्याच्या आतल्या बाळाला आठवा हिस्सा. धोका येण्याआधीच्या चोवीस तासांत किंवा आल्यापासून दोन तासांच्या आत गोळी पोटात गेली तर ती उत्तम काम करते. आता हा हिशेब गावात उतरवून बघा. कोणत्या वाडीत किती बाळं आहेत ते अंगणवाडी ताईंच्या वहीत असतं, आशा कार्यकर्तीच्या डोक्यात असतं. जिल्ह्याच्या फायलीत असतात ते जनगणनेचे जुने आकडे. चांगली आखणी करणारा अधिकारी म्हणून आधी अंगणवाडीत जातो. आणि त्यानंतर गोठ्यात. गायीने माळावरचं गवत खाल्लं की आयोडीन दुधात उतरतं आणि दुधातून थेट लेकराच्या गळ्यात. किरणोत्सर्गी आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं, त्यामुळे काही आठवडे जनावरं बांधून साठवलेली वैरण घालणं हा साधा आणि खात्रीचा उपाय आहे. अट एकच: वैरण साठवलेली हवी.

रस्त्यांबद्दल. कैगाहून एक वाट नदीच्या अंगाने कारवारकडे उतरते, दुसरी घाट चढून यल्लापूरकडे जाते. पावसाळ्यात या जिल्ह्यात दरडी कोसळतात. १६ जुलै २०२४ रोजी अंकोला तालुक्यात शिरूरजवळ राष्ट्रीय महामार्गावर डोंगर खाली आला आणि माणसं गाडली गेली. त्यामुळे सराव कोरड्या हवेत, कामाच्या दिवशी, कचेरीच्या वेळेत उरकला तर त्यातून फारसं काही कळत नाही. तो जुलैत, रात्री, एक रस्ता बंद आहे असं धरून घ्यायला हवा. बस सुटेल का, चालक येईल का, की तो आधी स्वतःच्या घरच्यांना घेऊन निघेल? अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुकेंद्रातल्या अपघाताच्या वेळी, १९७९ साली, गव्हर्नरांनी आठ किलोमीटरच्या आतल्या गरोदर स्त्रिया आणि शाळेत न जाणारी मुलं एवढ्यांनाच निघायला सांगितलं होतं. ती काही हजार माणसं. निघाली सुमारे १,४४,०००. आपल्याकडे तर प्रत्येक घरासमोर मोटारसायकल उभी आहे.

निरोपाची भाषा हा आम्हा सीमाभागातल्यांना लगेच कळणारा मुद्दा. काळीच्या खोऱ्यात कोकणी, कन्नड, मराठी एकाच बाजारात बोलली जाते. कंत्राटी कामगार आणखी कुठल्या कुठल्या राज्यांतून येतात. ‘आश्रय घ्या’ असं कचेरीच्या कन्नडमध्ये भोंग्यावरून ओरडलं तर म्हातारी ते ऐकेल आणि चूल पेटवायला जाईल. औरादच्या किंवा बसवकल्याणच्या कोणत्याही वाडीत हाच अनुभव येईल. चार शब्दांचा निरोप, घरच्या भाषेत, ओळखीच्या माणसाच्या तोंडून: याची तालीम सगळ्यांत स्वस्त, आणि तिला वेळ द्यायला कोणी तयार नसतं.

पटकथेत मावत नाहीत अशाही गोष्टी असतात. नोव्हेंबर २००९ मध्ये कैगातल्या पन्नासच्या वर कामगारांच्या शरीरात ट्रिशियम हा किरणोत्सर्गी पदार्थ आढळला. हे ट्रिशियम रिॲक्टर फुटून आलेलं नव्हतं. पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये ते कोणीतरी मुद्दाम मिसळलं असावं असा निष्कर्ष निघाला. नेहमीच्या लघवी तपासणीत ते पकडलं गेलं. वर्षानुवर्षं कंटाळत केलेली तपासणी त्या दिवशी कामाला आली.

सराव संपला की सगळे एका सभागृहात बसतात आणि निरीक्षक आपापल्या वह्या उघडतात. माझं मत स्पष्ट आहे. ज्या सरावाचा अहवाल ‘यशस्वीरीत्या पार पडला’ एवढंच सांगतो तो सराव वाया गेला. उचलला न गेलेला फोन, रेंज नसलेली वाडी, कुलूप असलेली शाळा, मुदत संपलेली गोळ्यांची खोकी, हे सापडावं म्हणूनच हा सगळा खटाटोप. अशा उणिवा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला बक्षीस मिळायला हवं. आपल्या कचेऱ्यांत त्याला खुलासा मागितला जातो. आणि तो अहवाल सोळा किलोमीटरच्या आतल्या ग्रामपंचायतींना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायला काय हरकत आहे, हे मला आजवर उमगलेलं नाही.

आता आपल्या मुलखाकडे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपाने बीदर-गुलबर्ग्यालाही हलवलं. तेव्हा आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा नव्हता. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिंचोळी तालुक्यात गडीकेश्वरला धक्क्यांमागून धक्के बसले, लोक घराबाहेर झोपले. बीदरच्या कोळार औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. किरणोत्सर्गाचाही संबंध अगदीच नाही असं नाही: कर्करोगाच्या उपचारयंत्रांत आणि सिमेंट कारखान्यांतल्या पातळी मोजणाऱ्या उपकरणांत किरणोत्सर्गी स्रोत वापरले जातात. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्टचं एक जुनं यंत्र पोचलं आणि एका कामगाराचा जीव गेला. भंगारवाले आपल्याकडेही आहेत.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा. त्याच्या कलम ३१ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असायलाच हवा आणि दर वर्षी तो तपासून सुधारायलाच हवा. डीसी कचेरीत जाऊन आपल्या जिल्ह्याचा आराखडा बघायला मागा. त्यात तुमच्या तालुक्याचं पान काढा, तिथे दिलेले फोन नंबर एकेक करून लावा, आणि जो लागला नाही तो कचेरीला लेखी कळवा.