बिळिगिरीच्या डोंगरावरचे पोडू

बिळिगिरिरंगन बेट्ट ही डोंगररांग कर्नाटकाच्या दक्षिण टोकाला, चामराजनगर जिल्ह्यात आहे. पश्चिम घाट आणि पूर्व घाट यांना जोडणारा हा दुवा. बंगळूरहून कनकपुरा, मळवळ्ळी, कोळ्ळेगाल, यळंदूर असा रस्ता धरला की सुमारे १८० किलोमीटरांवर घाट चढू लागतो. पायथ्याची उंची ६०० मीटरांच्या आसपास, तर कट्टरी बेट्ट हे सर्वांत उंच शिखर सुमारे १८०० मीटर. पायथ्याशी पाऊस जेमतेम आणि माथ्यावर त्याच्या कितीतरी पट. म्हणून एका दिवसाच्या चालीत काटेरी झुडपे, पानगळीचे रान, सदाहरित झाडी आणि शिखरांवरची गवताळ कुरणे अशी चारही रूपे भेटतात. या रानात सोलिग आदिवासी राहतात. त्यांच्या वस्तीला पोडू म्हणतात.

पोडू म्हणजे काही घरांचा पुंजका. जुनी घरे बांबू, माती आणि गवताची. सरकारी योजनांतून आलेली नवी घरे कौलारू किंवा सिमेंटची. होसपोडू, कन्नेरी कॉलनी, यरकनगद्दे कॉलनी ही नावे रस्त्याजवळच्या वस्त्यांची; पुराणी किंवा गोंबेगल्लू मात्र आत, रानात. अशा पोडूतून बाजाराला, दवाखान्याला किंवा तालुक्याच्या कचेरीत जायचे म्हणजे हत्तीची चाहूल घेत जंगल ओलांडायचे, आणि तेही उजेड आहे तोवर.

सोलिग समाज कुळांमध्ये विभागलेला आहे आणि लग्न कुळाबाहेरच होते. पोडूचा कारभार यजमान पाहतो. त्याला चलुवादी आणि कोलुकार हे मदतनीस असतात, पूजेअर्चेचे काम तम्मडीकडे असते. भांडण-तंटा, काडीमोड, दंड हे सगळे पूर्वी याच पंचायतीत मिटत असे. बोली द्राविडी, कन्नडच्या जवळची. डोंगरकड्यावरच्या देवळातला रंगस्वामी हा सोलिगांचा मेहुणा, कारण त्याने कुसुमाले नावाच्या सोलिग मुलीशी लग्न केले, अशी कथा आहे. जेजुरीच्या खंडोबाची आणि धनगरांच्या बाणाईची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे नाते समजावून सांगावे लागणार नाही. रानातल्या माणसांनी मोठ्या देवाशी सोयरीक जोडली आणि त्याच्या देवळावर नात्याचा हक्क सांगितला.

अन्नाचा कणा नाचणी. तिच्या पिठाचा उकडलेला गोळा, म्हणजे मुद्दे, रोजच्या जेवणात असतो. सोबत रानभाज्या, कंद, पावसाळ्यात अळिंबी आणि बांबूचे कोवळे कोंब. पूर्वी सोलिग फिरती शेती करत. रानाचा तुकडा साफ करून त्यात नाचणी, मका, पावटा, भोपळा असे मिश्र पीक घ्यायचे, काही वर्षांनी ती जागा सोडून पुढे जायचे आणि जमीन पुन्हा रानाच्या हवाली करायची. आज पोडूभोवतीच्या लहान तुकड्यांत कॉफी आणि मिरी दिसते. कॉफी या डोंगरात एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश मळेवाल्यांनी आणली. होन्नमेट्टीचे मॉरिस कुटुंब त्यांतले सर्वांत परिचित. नाचणीची राखण मात्र बदललेली नाही. कणसे भरू लागली की मचाणावर बसून, शेकोटी पेटवून आणि आरोळ्या देत हत्ती व रानडुकरे रात्रभर हाकलावी लागतात. एका रात्रीची डुलकी वर्षाच्या धान्यावर पाणी सोडायला पुरते.

रोख पैसा येतो तो वनोपजातून: मध, आवळा, रिठा आणि दगडफूल. मराठी घरातल्या गोड्या मसाल्यात पडते तेच हे दगडफूल. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोलिग कुटुंबांच्या उत्पन्नाचा निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा वनोपजाचा असल्याचे दिसले होते. विक्री आदिवासींच्या बहुउद्देशीय सहकारी संस्थांमार्फत होत असे. मधाचे ज्ञान तर विलक्षण बारकाईचे आहे. आग्या, सातेरी, फुलोरी आणि नांगी नसलेली बारकी माशी अशा चौघींना वेगवेगळी नावे आहेत. कोणती माशी कोणत्या झाडाच्या फुलोऱ्यावर केव्हा येते, हे मध काढणारा सांगू शकतो. भाषाशास्त्रज्ञ आउंग सी यांनी या ज्ञानाची नोंद सविस्तर ग्रंथात केली आहे.

रानाची वाटणीही पवित्र स्थळांनी झालेली आहे. प्रत्येक कुळाचे क्षेत्र, म्हणजे येल्ले, ठरलेले. त्यात देव, मारम्मा, वीर, कल्लुगुडी आणि पाण्याचे अब्बी अशी पाच प्रकारची ठिकाणे असतात. भार्गवी नदीकाठचा दोड्ड संपिगे हा शेकडो वर्षांचा सोनचाफा त्यांतला सर्वांत पूज्य. बंगळूरच्या 'अट्री' या संशोधन संस्थेने सोलिगांना सोबत घेऊन अशी साडेचारशेहून अधिक स्थळे नकाशावर मांडली. त्या नकाशामुळे, सरकारी दप्तरात निव्वळ झाडी असलेल्या जागी पिढ्यान्‌पिढ्यांचे गाव दिसू लागले.

१९७४ मध्ये येथे अभयारण्य झाले आणि जगण्याची घडी विस्कटली. शिकार आणि फिरती शेती थांबली, रानात विखुरलेली कुटुंबे ठरावीक वस्त्यांत आणून बसवली गेली. थंडी सरता सरता पालापाचोळ्याला लावली जाणारी हलकी आग, म्हणजे 'तरगु बेंकी', हीदेखील गुन्हा ठरली. ही आग बंद झाल्याने घाणेरी माजली आणि आवळ्यावर बांडगूळ वाढले, असे सोलिग सांगत आले. १९९७ आणि २००८ च्या पाहण्यांत घाणेरीने व्यापलेले क्षेत्र जवळपास दुप्पट झालेले आढळले. आवळ्याच्या झाडांच्या ऱ्हासाला फळे तोडण्यापेक्षा घाणेरी आणि बांडगूळ अधिक कारणीभूत आहेत, असा निष्कर्ष २०१२ च्या एका शोधनिबंधाने काढला. तोवर वन्यजीव कायद्यातील दुरुस्तीच्या आधारे विक्रीसाठी वनोपज गोळा करण्यावर बंदी आली होती. ज्यांचा दोष सिद्ध झाला नव्हता, त्यांचीच चूल आधी विझवली गेली, आणि हे अन्यायाचेच होते.

आरोग्याची कहाणी काहीशी उजळ आहे. बंगळूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले डॉ. एच. सुदर्शन १९८० च्या सुमारास या डोंगरात आले आणि एका झोपडीत दवाखाना थाटला. १९८१ मध्ये विवेकानंद गिरिजन कल्याण केंद्र उभे राहिले. पुढे शाळा, रुग्णालय आणि व्यवसायशिक्षण यांची जोड मिळाली. सोलिग बायका उकिडव्या बसून बाळंत होत. केंद्राने ही पद्धत मोडीत न काढता दाईंनाच प्रशिक्षण दिले. येथे सिकलसेलचा आजारही आढळला. गडचिरोली आणि नंदुरबारच्या वाचकांना तो अपरिचित नाही. १९९४ मध्ये डॉ. सुदर्शन आणि केंद्र यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. या शाळांतून शिकलेल्या पिढीत डॉ. सी. मादेगौडा आहेत. पीएचडी मिळवलेले ते पहिले सोलिग मानले जातात. वनहक्काच्या लढ्यातही ते आघाडीवर राहिले.

जानेवारी २०११ मध्ये अभयारण्य व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित झाले, तेव्हा पुन्हा उठवले जाण्याची भीती पोडूंत पसरली. सोलिग संघटनांनी २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार घेतला. ग्रामसभा भरल्या, दावे लिहिले गेले, पवित्र स्थळांचा नकाशा पुरावा म्हणून पुढे आला. ऑक्टोबर २०११ मध्ये पंचवीस ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात राहणाऱ्या आदिवासींना असे हक्क मिळण्याची देशातली ही पहिली वेळ. त्याच काळातल्या वाघांच्या गणनांत संख्या घटली नाही, उलट वाढली. माणसे राहिली तर वाघ टिकणार नाही, हा समज त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

हक्काचे कागद हाती आले तरी वनव्यवस्थापनात ग्रामसभेला बरोबरीचे स्थान मिळालेले नाही. आग कधी लावायची, घाणेरी कोणी काढायची, कोणत्या येल्लेत कोणी जायचे, याचा अंतिम शब्द अजून वनखात्याचाच. पूर्वेकडच्या मले महादेश्वर डोंगरातही सोलिग राहतात; तिथे तर रस्ता, वीज, पाणी हेच प्रश्न उभे आहेत. तिथल्या इंडिगनत्त गावात एप्रिल २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सोयींअभावी बहिष्कार, मग बाचाबाची आणि मतदान केंद्राची मोडतोड झाली. फेरमतदान घ्यावे लागले. त्याच डोंगरात बांबू मिळेनासा झाल्यावर काही सोलिग कारागीर घाणेरीच्या काठ्या उकळून, साली सोलून त्यांच्या टोपल्या आणि खुर्च्या विणतात. ही कला शिकवण्याचे केंद्र अट्रीच्या मदतीने तिथे चालते आणि काही घरांना त्यातून मजुरीचा आधार मिळतो.