समुद्री शेवाळाची शेती : पैसे गुंतवण्यापूर्वी

गेल्या महिन्यात मालवणहून मामेभावाचा फोन आला. "दादा, आम्ही चौघे मिळून समुद्री शेवाळाची शेती करतोय. सरकारी अनुदान आहे. तू थोडे पैसे घाल ना!" दोह्यात आपल्यापैकी अनेकांना गावाकडून असे फोन येतात. नाही म्हणवत नाही आणि बचतही कष्टाची असते. म्हणून आधी हिशेब मांडला.

शेवाळ आपल्याला नवे नाही. पुडिंगमध्ये घालतो ते चायना ग्रास लाल शेवाळापासूनच होते. शेतीसाठी लावतात ते कप्पाफायकस. त्यातून कॅरागीनन निघते आणि ते आइस्क्रीम व टूथपेस्ट दाट करण्यासाठी वापरतात. ही लागवड भारतात रुजवण्याचे श्रेय भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेला जाते. तामिळनाडूत मंडपमजवळ बचत गटांतील अनेक महिलांना त्यातून रोजगार मिळाला.

तिकडे बारा फूट लांब-रुंद बांबूच्या तराफ्याला सुमारे ६० किलो बियाणे बांधतात. ४५ दिवसांनी साधारण २४० किलो ओला माल मिळतो. पुढच्या लागवडीचे ६० किलो वजा केले की उरतात १८०. वाळवल्यावर त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे १८ किलो. कोकणात पावसाळ्यात समुद्र खवळतो, त्यामुळे ऑक्टोबर ते मे या काळात फार तर पाच पिके. म्हणजे एका तराफ्यामागे वर्षाला ९० किलो सुका माल, तोही सगळे सुरळीत झाले तर! मंडपमला २०१३ नंतर पाणी तापून पीक मोठ्या प्रमाणावर मेले आणि उत्पादन कोसळले.

२०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थींना ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. पण अनुदान खर्चावर मिळते, विक्रीची हमी त्यात नाही.

मामेभावाला तीन प्रश्न विचारले : सुका माल कोण घेणार आणि लेखी भाव काय? जागेची परवानगी कोणाच्या नावावर? पावसाळ्यात बियाणे कुठे जगवणार? पहिल्याच प्रश्नाला तो गप्प झाला. शेवटी दहा तराफ्यांचे, एकाच हंगामाचे पैसे द्यायचे ठरले, तेही खरेदीदाराचे पत्र हातात आल्यावर. तो जरा नाराज झाला. पण भाऊ आणि बचत, दोन्ही टिकायला हवेत!