वाळवंटात पायी भटकंती : कुणासाठी कोणती वाट?

डिसेंबरची सुट्टी, जैसलमेरची तिकिटं आणि घरातली सहा माणसं. कॉलेजातल्या मुलाला सर्वात उंच टेकडी चढायची आहे, सात वर्षांच्या छोटीला वाळूत लोळायचं आहे, आजींचे गुडघे दुखतात आणि बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. अशा वेळी बहुतेक घरांत एकच चूक होते. सगळ्यांसाठी एकच वाट ठरते आणि कुणीतरी अर्ध्यात बसून राहतं.

वाळवंटात ही चूक महागात पडते. तिथे सावली नाही, वाटेत झरा नाही आणि मऊ वाळूतली चाल सपाट रस्त्यापेक्षा साधारण दुप्पट दमवते. सह्याद्रीतले गड चढणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. राजगड चढलात म्हणून वाळूची टेकडी सोपी जाईलच असं नाही.

आधी स्वतःला ओळखा

निघण्याच्या महिनाभर आधीपासून रोज चाला. सलग 1 तास चालताना शेजारच्याशी आरामात बोलता येत असेल तर मध्यम वाट जमू शकते. अर्ध्या तासातच धाप लागत असेल तर सोपी वाट निवडा, त्यात कमीपणा नाही. हृदयविकार, मधुमेह, दमा असल्यास किंवा गर्भवती असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

सोप्या वाटा : आजी-आजोबा आणि लहान मुलं

जैसलमेरमधल्या गडीसर तलावाच्या काठाने सकाळी फेरी मारा. कोवळ्या उन्हात पिवळ्या दगडाचा किल्ला सोन्यासारखा दिसतो. शहराबाहेरचं कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं गाव. त्याच्या सपाट गल्ल्यांमधून रमतगमत फिरता येतं. बाडमेर रस्त्यावरच्या आकल जीवाश्म उद्यानात सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे आहेत. आज जिथे गवताची काडी दिसत नाही, तिथे एकेकाळी जंगल होतं हे ऐकून मुलं थक्क होतात.

कच्छला जाणार असाल तर धोरडोजवळचं पांढरं रण अगदी सपाट आहे. मात्र पावसाळ्यानंतर ते काही काळ ओलं असतं, म्हणून डिसेंबरनंतर जा आणि परवाना घ्यायला विसरू नका. जवळच्या काळो डुंगरवर दत्ताचं मंदिर आहे. गाडी बरीच वर जाते, त्यामुळे आजींनाही तिथून रणाचा विस्तार पाहता येतो.

मध्यम वाटा : रोज चालणारी मोठी मुलं आणि तरुण

जैसलमेरच्या पश्चिमेला असलेल्या सम इथे गर्दी असते. त्यामानाने नैऋत्येकडचं खुरी शांत आहे. दुपारचं ऊन उतरल्यावर स्थानिक वाटाड्यासोबत दोन-तीन तास टेकड्यांवरून चाला. टेकडीची वाऱ्याकडची बाजू कमी चढाची आणि घट्ट असते, तर पलीकडची तीव्र उताराची आणि भुसभुशीत. म्हणून चढताना वाऱ्याकडची बाजू घ्या आणि माथ्याच्या कडेने चाला. घसरत उतरायची मजा पलीकडे!

याच भागातल्या मरू राष्ट्रीय उद्यानात माळढोक आढळतो. वनखात्याची परवानगी घ्या आणि ठरलेली वाट सोडू नका. हा पक्षी जमिनीवरच अंडी घालतो.

कठीण वाटा : सराव असलेल्यांसाठीच

लडाख हे थंड वाळवंट. लिकिरहून तेमिसगामपर्यंतचा शाम खोऱ्यातला ट्रेक तीन-चार दिवसांचा आहे आणि गावागावांत घरगुती मुक्काम मिळतो. नवख्या पण तंदुरुस्त माणसाने सुरुवात इथून करावी. मारखा खोऱ्याचा ट्रेक आठवडाभराचा असून त्यातली कोंगमारू ला ही खिंड 5,000 मीटरहून उंच आहे. तिथे अनुभव हवाच. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे, त्यामुळे विमानाने पोहोचल्यावर किमान 2 दिवस विश्रांती घ्या. डोकेदुखीसोबत उलटी किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर वर न जाता खाली उतरा.

हे विसरू नका

• थारसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, लडाखसाठी जून ते सप्टेंबर हा काळ योग्य. 19 मे 2016 रोजी राजस्थानातल्या फलोदीत 51 अंश तापमान नोंदलं गेलं होतं, म्हणजे उन्हाळ्यात थार टाळलेलंच बरं.
• थंडीतही प्रत्येकी तासाला किमान अर्धा लिटर पाणी हवं. त्याचे तीन भाग करा : एक जाताना, एक येताना, एक अडचणीसाठी. सोबत ओआरएस ठेवा.
• पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे, टोपी, गॉगल, तोंडावर घ्यायला ओढणी आणि घोट्यापर्यंतचे बूट वापरा.
• सूर्य मावळताच थारमध्ये गारवा झपाट्याने वाढतो. स्वेटर आणि टॉर्च जवळ ठेवा.
• वाऱ्याने पाऊलखुणा पुसल्या जातात. निघताना मुक्कामाच्या ठिकाणी वाट आणि परतीची वेळ सांगून जा.
• कुणी गरगरतंय, असंबद्ध बोलतंय असं वाटलं तर लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि वैद्यकीय मदत बोलवा.

एकत्र चालताना सर्वात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, म्हणजे कुणी मागे पडणार नाही. मुलाला उंच टेकडी चढायचीच असेल तर त्याला वाटाड्यासोबत पाठवा. आजी आणि छोटी पायथ्याशी वाळूचा किल्ला बांधतील. मग संध्याकाळी सगळे एकाच चटईवर बसून सूर्यास्त पाहा. तो पायथ्यावरूनही तेवढाच सुंदर दिसतो.