लग्नाची कॅसेट आधी खाली उतरवा, फिल्मचं रीळ अजून थोडं थांबेल

ज्यांची लग्नं १९९० च्या आसपास झाली, त्यातल्या अनेकांच्या घरी लोखंडी कपाटात किंवा माळ्यावर एक काळी व्हिडिओ कॅसेट पडून असते. वर चिकटवलेल्या कागदावर पेनाने लिहिलेली नवरा-नवरीची नावं आणि तारीख. काही मोजक्या घरांत त्याहून जुनी वस्तू निघते. गोल डबीत गुंडाळलेलं, करंगळीपेक्षाही अरुंद पट्टीचं फिल्मचं रीळ. गावातला डॉक्टर, फोटो स्टुडिओवाला, परदेशातून सुट्टीवर आलेला चुलता अशा एखाद्याकडेच तेव्हा तो कॅमेरा असायचा, म्हणून ही रिळं दुर्मिळ.

दोन्हींची आज एकच अडचण आहे. आत काय आहे ते बघायला घरात मशीन नाही. त्यात एक गैरसमज पक्का बसलेला आहे. रीळ जुनं म्हणजे ते आधी जाणार, कॅसेट त्यामानाने नवी म्हणजे ती टिकणार, असं लोक धरून चालतात. खरं तर उलटं आहे.

फिल्मचं रीळ म्हणजे छोट्या छोट्या फोटोंची लांब माळ. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली घरीच वाटाण्याचं रोप वाढताना टिपलं, ते याच तत्त्वावर. रोप थोडं वाढलं की थोडी फिल्म फिरवायची, असं बरेच दिवस केलं आणि पडद्यावर ते रोप मिनिटभरात उगवलेलं दिसलं. घरगुती रिळाचंही तसंच. कोडॅक कंपनीने १९३२ साली आठ मिलिमीटरची फिल्म आणली आणि १९६५ साली तिचीच सुधारलेली ‘सुपर एट’. सुपर एटच्या एका डबीत ५० फूट फिल्म, म्हणजे साधारण ३,६०० फोटो. सेकंदाला १८ या वेगाने ते पळाले की चित्रण होतं जेमतेम ३ मिनिटं २० सेकंद. एवढ्यात अख्खं लग्न बसवायचं म्हणजे कॅमेरावाला काय टिपायचं ते निवडूनच बटण दाबायचा. आज हळदीचेच दोनशे व्हिडिओ निघतात, तो भाग वेगळा.

यातला मुद्दा असा की रिळावरचं चित्र डोळ्यांना दिसतं. मशीन नसलं तरी पट्टी कडेला धरून उजेडासमोर केली आणि भिंग लावलं, तर माणसं ओळखू येतात. पन्नास वर्षांनीही कुणी नवं यंत्र बनवून ते फोटो एकेक करून उचलू शकतो. आज तेच चाललं आहे.

कॅसेटमधली टेप मात्र उजेडात धरली तर फक्त तपकिरी-काळी पट्टी दिसते. प्लॅस्टिकवर लोखंडी भुकटीचा थर, आणि चित्र त्यात चुंबकाच्या रूपात. ते वाचायला व्हीसीआरच लागतो. जपानची फुनाई ही व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी होती. तिने २०१६ च्या जुलैत उत्पादन बंद केलं. आता जे व्हीसीआर उरलेत ते जुने, त्यांचे रबरी पट्टे सैल झालेले, हेड झिजलेली, आणि दुरुस्त करणारे कारागीरही म्हातारे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ सालीच इशारा दिला होता की २०२५ पर्यंत ज्या टेप उतरवून होणार नाहीत त्यातल्या बऱ्याच कायमच्या जातील. ते वर्ष आलं आणि गेलंही. त्या दिवशी सगळ्या टेप एकदम मेल्या असं नाही, पण चालू मशीन दरवर्षी कमी होत जाणार, हे नक्की. म्हणून घरात दोन्ही असतील तर पैसे आणि वेळ आधी कॅसेटवर घालावा.

याचा अर्थ रिळाला काहीच होत नाही असा नाही. बहुतेक घरगुती फिल्मचा पाया ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकचा असतो. उष्णता आणि दमटपणा लागला की तो कुजायला लागतो आणि त्यातून आंबट वाफ सुटते. डबी उघडल्यावर चायनीजच्या गाडीवरच्या व्हिनेगरसारखा वास आला तर समजावं, कुजणं सुरू झालं. ही वाफ शेजारच्या चांगल्या रिळालाही बिघडवते, म्हणून वास येणारं रीळ लगेच वेगळं ठेवावं आणि ते मात्र कॅसेटच्याही आधी स्कॅनला द्यावं. पुढे फिल्म आक्रसते, वाकते, ठिसूळ होते.

पत्र्याखालचा माळा ही या वस्तूंसाठी सगळ्यात वाईट जागा. उन्हाळ्यात तिथे भट्टी असते, पावसाळ्यात ओल. कोकणात तर टेपवर पांढरी बुरशी धरतेच. खालच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कपाटात, जमिनीपासून वर ठेवलं तरी बराच फरक पडतो. कॅसेट पुस्तकासारखी उभी ठेवावी. स्पीकर, मोटार अशा चुंबक असलेल्या वस्तूंजवळ नको. आणखी एक छोटं काम: कॅसेटच्या पाठीच्या कडेला प्लॅस्टिकचा इवलासा तुकडा असतो. तो तोडला की तिच्यावर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. लग्नावर सिनेमा चढल्याचे किस्से कमी नाहीत.

आता गंमत बघा. ज्या फिल्मला लोकांनी मेलेली मानलं तीच परत आली आहे. कोडॅकने २०१२ साली दिवाळखोरी जाहीर केली, पण सुपर एटच्या डब्या बनवणं थांबवलं नाही. २०१६ साली कंपनीने नवा सुपर एट कॅमेरा दाखवला आणि २०२३ च्या अखेरीस तो विक्रीला आला, किंमत ५,४९५ डॉलर, म्हणजे साडेचार लाख रुपयांच्या घरात. चित्र फिल्मवर, पण नेम धरायला छोटा डिजिटल स्क्रीन आणि आवाज मेमरी कार्डवर. युरोप-अमेरिकेत लोक मुद्दाम लग्नाची दोन-चार मिनिटं अशी टिपून घेतात. शौक महागडा आहे, इथे कुणी त्याच्या नादी लागावं असं नाही. फायदा एवढाच की फिल्मची मागणी टिकली आणि स्कॅनर बनवणाऱ्यांचा धंदाही चालू राहिला. जुनी रिळं उतरवायची सोय त्यावरच उभी आहे.

उतरवून घेताना दोन्हींची पद्धत वेगळी. कॅसेट व्हीसीआरमध्ये चालवायची आणि तारेने कॉम्प्युटरवर घ्यायची. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतातच, घाई करता येत नाही. बुरशी असलेली टेप साफ न करता घातली तर मशीनही जातं आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते. रिळाचा मात्र एकेक फोटो स्कॅनरवर वेगळा घेतात आणि मग जोडतात. कुणी जुना प्रोजेक्टर भिंतीवर लावून मोबाईलने शूट करून देतो म्हणाला तर नको म्हणावं. आक्रसलेली फिल्म दातऱ्यांत फाटते, आणि अडकली तर दिव्याच्या उष्णतेने जागीच जळते. एकदा जळलेला फोटो परत येत नाही.

काम देण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात. मूळ कॅसेट आणि रीळ परत मिळणार का? फाईल पेन ड्राईव्हवर पूर्ण दर्जाची देणार का? आणि काही न बदललेली प्रत देणार का? तिसरा प्रश्न आता जास्त महत्त्वाचा झालाय, कारण एआय लावून ‘एचडी’ करून देण्याची फॅशन आली आहे. एआय धूसर चेहरा साफ करत नाही, तो अंदाजाने नवा चेहरा काढतो. आजीचं नाक कुणा भलत्याचं झालं तर तो व्हिडिओ सुंदर असेल, पण त्यात आजी नसेल. बघायला तशी एक प्रत ठेवावी, पण जपायची ती साधीच.

फाईल हातात आल्यावर ती व्हॉट्सॲपवर नुसती व्हिडिओ म्हणून टाकली तर लहान होते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. शिवाय एका पेन ड्राईव्हवर भरवसा ठेवू नये. एक प्रत घरी, एक ऑनलाईन, एक दुसऱ्या गावच्या बहिणीकडे किंवा भावाकडे, एवढं जमतंच. आणि काम झालं म्हणून रीळ भंगारात देऊ नये. उद्याचा स्कॅनर आजच्यापेक्षा जास्त काढेल.

हा खटाटोप कशासाठी, असं घरातली तरुण मुलं विचारतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. त्या भागातून बाहेर दिलेल्या लेकीकडे तिच्या लग्नाची त्याआधीची कॅसेट असेल, तर वरातीच्या मागे दिसणारी गल्ली, वाडे आणि माणसं आता दुसरीकडे कुठेच दिसणार नाहीत. धरणात गेलेल्या गावांचंही तेच. अमेरिकेत डॅलस शहरातल्या अब्राहम झाप्रुडर या कापड व्यावसायिकाने २२ नोव्हेंबर १९६३ रोजी आपल्या घरगुती आठ मिलिमीटर कॅमेऱ्याने २६ सेकंद टिपले आणि त्यात राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या आली. पुढे तिथल्या सरकारला त्या रिळासाठी १ कोटी ६० लाख डॉलर मोजावे लागले. तसलं काही सगळ्यांच्या माळ्यावर नसतं. पण गावाच्या इतिहासाचं काही सापडलं, तर पुण्यात १९६४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे विचारणा करता येते.

घरगुती रिळांना बहुतेक वेळा आवाज नसतो, आणि कॅसेटमध्ये असला तरी वर सनई-बँडचं नाहीतर सिनेमाचं गाणं चढवलेलं असतं. पंगतीत वाढणारी ती बाई कोण, घोड्याचा लगाम धरलेला तो पोरगा कुणाचा, हे सांगणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. परदेशात २००३ पासून ‘होम मूव्ही डे’ला लोक आपापली रिळं घेऊन जमतात आणि एकत्र बघतात. इथे त्यासाठी दिवस ठरवायची गरज नाही. टीव्हीला पेन ड्राईव्ह लावायचा, आजोबांना समोर बसवायचं, शेजारी मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवायचं आणि प्रत्येक चेहऱ्यावर व्हिडिओ थांबवून विचारायचं. ते रेकॉर्डिंग त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाने ठेवावं. फाईलला नाव देताना ‘व्हिडिओ १’ नको, गाव, घराणं आणि साल घालावं.